पाटीवर राहिलेला श्री

ये गो मनू, सर अशी जवळ. कानातली ती बोंडं नीट बसवलीस ना? मग ऐक. किती वाट बघायची माणसाने? दिवाळीला येते म्हणालीस, आली नाहीस. शिमग्याला नक्की म्हणालीस, पालखी दारात नाचून गेली, तुझा पत्ता नाही. विचारलं तर म्हणे, "मावशी, बँकेत मार्च आहे." अगो, मार्च दरवर्षी असतो. मी घर बदललं तेही तू अजून पाहिलं नाहीस. पाहिलं म्हणजे काय ते तुला कळतंय. भिंतींवरून हात फिरवल्याशिवाय तुला घर कळत नाही, आणि या भिंती अजून तुझ्या हाताविना आहेत.

हे मी टाइप करून पाठवतेय, तुझं मशीन तुला वाचून दाखवेल. आणि एक आधीच सांगून ठेवते. वर श्री लिहिलेला नाही. मावशी म्हातारी झाली, विसरली, असं म्हणू नकोस. मुद्दाम लिहिलेला नाही. का, ते ऐकत राहिलीस की कळेल.

शरयू गेल्याचं मी फोनवर सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "मावशी, ती होती कशी गो? मला तिचा आवाज माहीत आहे, आणि बांगड्या नसलेले हात. बाकी काहीच नाही." ते माझ्या मनात राहिलं. तुझ्या पूर्वपरीक्षेच्या आधीचे ते दिवस तुला कुणी सांगितले नाहीत. तिनेच बजावलं होतं मला, "नलूताई, परीक्षेला बसणाऱ्या मुलीने पेपराची काळजी करायची, मशीनची नाही." आता ती नाही, तू मोठी झालीस, सांगायला हरकत नाही.

शरयू आमच्या शेजारी आली ती अठ्ठ्याण्णव साली. आली म्हणजे परत आली. घर तिच्या वडिलांचंच, आमच्या नि त्यांच्या आगरात मधे फक्त चिऱ्यांचा गडगा. मुंबईला कॉम्प्युटरच्या कंपनीत चांगली नोकरी होती तिला. वडिलांची, अण्णांची, काचबिंदूने नजर गेली. आई आधीच गेलेली. ही सगळं सोडून आली. लोकांनी पोटभर हळहळून घेतलं. ती मात्र पहिल्याच दिवशी गडग्यावरून वाकून मला म्हणाली, "तुमच्या क्लासात फोनची लाइन आहे ना? संध्याकाळची मला वापरू द्याल?" ओळख नाही, पाळख नाही, थेट लाइन.

माझा टायपिंगचा क्लास तेव्हा शेवटचे आचके देत होता. मशीनी गंजत होत्या, मुली येईनाशा झाल्या होत्या. मी एक जुना कॉम्प्युटर घेऊन, पुस्तकात बघून बघून लग्नपत्रिका जुळवायला शिकले होते. शिकवणारं कोणी नव्हतं. चुकायचं आणि का चुकलं ते बघत बसायचं, एवढीच माझी शाळा. शरयूला ते फार आवडलं. "तुम्ही माझ्याच जातीच्या," म्हणाली. मला आधी वाटलं, ही काय बोलते. मग कळलं, चुका बघत बसणाऱ्यांची जात.

उंच, हाडकुळी. मनगटावर पुरुषी घड्याळ, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. ती पेन्सिल शोधायला घर पालथं घालायची, आणि पेन्सिल डोक्यात. चालायची अशी की पदर मागून धावत यायचा. तिच्या कामात चाचणी पास झाली की पडद्यावर हिरवी रेघ येते, नापास झाली की लाल. तिने ते रंग घरातही आणले. 'झालं' हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. अण्णांचा ताप उतरला का, तर "सध्या हिरवा आहे." पाऊस थांबला का, तर "सध्या हिरवं दिसतंय." एकदा चिपळूणकडचे पाहुणे जेवायला होते, त्यांनी विचारलं, "भात झाला का हो?" ही आतून म्हणते, "सध्या हिरवा आहे." पाहुणे भाकरीवर भागवून उठले बिचारे.

तिचं डोकं कसं चालायचं ते मला एसटी स्टँडवर कळलं. दापोलीला माझ्या भाचीचं केळवण होतं, आम्ही दोघी निघालो. कंट्रोलरने खिडकीतून मान वर न करता सांगितलं, "दापोली समोर लागलीय." गाडीत कंडक्टर बसलेला, तो म्हणाला, "दापोलीच ताई, बसा." ड्रायव्हर बाहेर चहा पीत उभा, तो म्हणाला, "होय, दापोलीच नेणार." मी चढून रुमाल टाकला. गाडी निम्म्याहून जास्त भरलेली. शरयू चढेना.

"अगो, चढ ना," मी म्हटलं.

"थांबा. तिघांना मी वेगवेगळं विचारलंय."

गेली, कंडक्टरला खाली उतरवलं, ड्रायव्हरला चहाच्या ग्लासासकट आणलं आणि दोघांना खिडकीसमोर उभं केलं. "आता एकमेकांना सांगा," म्हणाली. ड्रायव्हर कंडक्टरला म्हणतो, "तू त्या गाडीत काय करतोस? मला पलीकडची दिलीय, शेवटची." कंडक्टर म्हणतो, "मला हीच सांगितली." कंट्रोलर खिडकीतून अर्धा बाहेर आला. म्हणजे बघ, गाडीभर माणसं रुमाल टाकून बसलेली आणि त्या गाडीला ड्रायव्हरच नाही! सगळी वरात सामानासकट पलीकडच्या गाडीत गेली. कंडक्टर तिला म्हणाला, "ताई, तुम्ही डेपोतच का लागत नाही?" ही म्हणाली, "तुमच्या सगळ्या गाड्या लाल. मला हिरवं लागतं."

पुढे घाटात खिडकीला डोकं टेकून म्हणाली, "नलूताई, तिघंही खरं बोलत होते हो. चूक कुणाच्या बोलण्यात नव्हती. मधे होती."

'मधे.' हा तिचा शब्द. तिचं सगळं आयुष्य त्या मधे गेलं.

आता कानोसाबद्दल सांगते, नाहीतर तू म्हणशील मावशी भरकटली. अण्णांना पेपर वाचल्याशिवाय चहा उतरत नसे. नजर गेल्यावर ही वाचून दाखवायची, पण अण्णांना तिचं वाचन पटेना. "अग्रलेख गाळतेस तू," म्हणायचे, आणि ती खरंच गाळायची. तेव्हा तिला इंटरनेटवर कानोसा सापडलं. मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. कुणाच्या मालकीचं नाही. ज्याला हवं त्याने घ्यावं, उघडून बघावं, दुरुस्त करावं, आणि दुरुस्ती परत सगळ्यांना द्यावी. करणारी माणसं गावोगाव विखुरलेली, एकमेकांचं तोंड न पाहिलेली. एकाने 'लेखन' केलेलं, म्हणजे टाइप करायचा भाग. दुसऱ्याने 'उच्चार', म्हणजे कुठलं अक्षर, कुठला आकडा कसा बोलायचा ते ठरवणारा. तिसऱ्याने 'आवाज'. चौथ्याने 'ब्रेल', छापण्यासाठी. आणि पुण्याचा निखिल या सगळ्यांची मोट बांधणारा. अण्णांनी पहिल्यांदा ऐकलं आणि म्हणाले, "हा मेला नाकात बोलतो. सर्दी झालीय काय याला?" पण अग्रलेख पूर्ण ऐकला. दोन वर्षं ऐकलं, आणि मग गेले. ही कानोसात राहिली.

तिच्याकडे काम आलं ते चाचण्या लावण्याचं. चारही जण आपापला भाग तपासून पाठवायचे, चारही भाग हिरवे, आणि एकत्र जोडले की मशीन भलतंच बोलायचं. तिने सगळ्यांना लिहिलं की चौघांना एकत्र उभं करणाऱ्या चाचण्या वेगळ्या हव्यात. इंटिग्रेशन टेस्ट म्हणतात त्याला. मग भांडण असं की त्या ठेवायच्या कुणाकडे? लेखनवाला म्हणे, माझ्याकडे नकोत, माझं काम हळू होतं. ब्रेलवाला म्हणे, दुसऱ्याच्या चुकीने माझ्याकडे लाल का दिसावं? पत्रापत्री पार हमरीतुमरीवर आली. शरयू आमच्या ओटीवर बसून घावन खात होती, मी सडा घालत होते. ती एकदम म्हणाली, "अंगण!" मला वाटलं पायाखाली काही आलं.

तिने पाचवा भाग केला, त्याचं नावच 'अंगण' ठेवलं. घरातली भांडणं ज्याच्या त्याच्या घरात, दोन घरांचा संबंध आला की ते अंगणात. आणि अंगण सगळ्यांचं म्हटलं की झाडायला कोणी येत नाही हे तिला पक्कं माहीत, म्हणून तिने झाडायच्या पाळ्या लावल्या. ज्याची पाळी त्याने लाल दिसलं की हाक मारायची, चूक कुणाची का असेना. चाचण्यांसाठी वाक्यं मी द्यायची. "तुमच्या बोलण्यात असतात तशी द्या, पुस्तकातली नकोत," म्हणायची. मी द्यायची. "बांगडे कितीला दिलेस गो," असली. उच्चारवाल्याने कपाळाला हात लावला असेल.

आणि नियम घातला तिने, मोठ्या अक्षरांत: प्रत्येक चाचणी कोऱ्या पाटीवर. आधीच्याचं काही खाली राहता नये. राहिलं तर पुढची चाचणी स्वतःच्या पायांवर उभी आहे की आधीचीच्या खांद्यावर, हे कळणार नाही.

या नियमाला एकच अपवाद होता. निखिलने लिहिलं होतं, "ताई, शुभ काम आहे, पहिली चाचणी श्री लिहिण्याची ठेवू." तिने हसून ठेवली. प्रत्येक फेरीत सर्वांत आधी 'लेखन' उघडून श्री लिहायचा, तो वाचला गेला की पुढचं. आणि पुढचं पुसताना तो पुसायचा नाही. आपण शाळेत पाटी पुसायचो ना, वरचा श्री ठेवून खालचंच पुसायचो. श्रीवर बोळा फिरवायला हात होत नसे. तसंच ते. चौघांपैकी कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. सगळे त्याच पाटीवर वाढलेले.

मग तू आलीस. म्हणजे होतीस आधीपासून, गल्लीच्या टोकाला, आई आंब्याच्या कॅनिंगला जायची ती घरी येईपर्यंत माझ्या क्लासात गुणगुणत बसायचीस. दहावीत गेलीस. पेपर लिहायला खालच्या वर्गातला मुलगा द्यायचे तुला, तू सांगायचीस एक नि तो लिहायचा भलतंच, आणि मार्क जायचे तुझे. रडायची नाहीस. नखं खायचीस. शरयू तुमच्या शाळेत गेली, एकदा, दोनदा, पुन्हा. शेवटी मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "बरं. पूर्वपरीक्षेचा विज्ञानाचा पेपर तिला कॉम्प्युटरवर देऊ. प्रश्न मशीन वाचेल, उत्तर ती टाइप करेल. नीट झालं तर बोर्डाकडे अर्ज मी स्वतः पाठवते. मधे अडलं तर पुन्हा हा विषय माझ्याकडे काढायचा नाही."

एकच पेपर. तुला हे एवढं कडक सांगितलं नव्हतं कुणी.

पेपर सोमवारी. शुक्रवारी दुपारी शरयू माझ्या कॉम्प्युटरवर शेवटची फेरी चालवत होती. नवी आवृत्ती निखिलने आदल्या दिवशी जाहीर करून टाकलेली, सगळं हिरवं. ते भारनियमनाचे दिवस. फेरी निम्म्यावर आली आणि लाइट गेली. मी चहा केला, आम्ही वारा घेत पडवीत बसलो. लाइट आली तशी ती आत गेली. वेळ वाचवायला म्हणून पहिल्यापासून न चालवता जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे चालवलं.

लाल.

मशीनला वाचायला दिलं होतं '२.५'. आणि ते बोललं, "पंचवीस."

तिने पहिल्यापासून चालवलं. हिरवं. "दोन पूर्णांक पाच." पुन्हा चालवलं. हिरवं. निखिलला फोन लावला. मोठ्याने बोलायचा तो, मला बाजूला ऐकू यायचं.

"लाइट गेली ना ताई? मग काहीतरी अर्धवट राहिलं असेल. आता हिरवं आहे ना? सोडा मग."

"लाइट गेली म्हणून चूक झाली नाही रे. लाइट गेली म्हणून दिसली."

"ताई, तुम्ही पण ना! एकदा लाल, दोनदा हिरवं. बहुमत हिरव्याचं आहे."

"ही काय ग्रामपंचायत आहे?" म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती नुसती बसली पडद्यासमोर. पेन्सिल तोंडात. मी म्हटलं, जेवून तरी घे. तर एकदम उठून तिने भिंतीवरचं बटण खाडकन बंद केलं. मी ओरडले, "अगो, जळेल ना ते!" तिने बटण चालू केलं. मशीन सुरू झालं. मघाशी लाइट गेली तेव्हा जिथे थांबलं होतं तिथूनच चालवलं.

"पंचवीस."

ती खुर्चीत हळूच मागे टेकली. "नलूताई," म्हणाली, "या वेळी श्री लिहिला गेला नाही."

मला समजलं नाही. तिने समजावलं, तेच तुला सांगते. टिंब, स्वल्पविराम, उणे-अधिक, या चिन्हांचं काय करायचं त्याचा एक तक्ता होता. तो राहत होता 'लेखन'च्या घरात. 'लेखन' एकदा उघडलं की तक्ता मशीनच्या डोक्यात यायचा आणि बसायचा. 'उच्चार' तोच वापरायचा. 'लेखन' उघडलंच नाही तर तक्ता नाही, आणि टिंब सरळ गिळलं जायचं. आणि 'लेखन' उघडल्यावाचून आमच्यापैकी कुणी कधी सुरुवातच केली नव्हती, कारण सगळे आधी श्री लिहीत होते! चाचणीत श्री, घरी वापरताना श्री, तू सरावाला बसलीस तरी आधी श्री. एवढ्या वर्षांत त्या मशीनला बिनश्रीचं कुणी उठवलंच नव्हतं.

"मीच ठेवला हो तो," ती म्हणाली. "कोरी पाटी कोरी पाटी म्हणून सगळ्यांना शिकवत होते, आणि माझ्याच पाटीवर राहिला."

त्या वेळचा तिचा चेहरा तुला सांगता येणार नाही मला. रागावलेली नव्हती. घर बंद करून गावाला निघालेलं माणूस वाटेत थांबतं आणि गॅस बंद केला की नाही हे आठवत राहतं, तसा.

तिने तो अपवाद काढला. पाटी पूर्ण कोरी. आणि फेरी चालवली तर गो बाय, सगळं अंगण लाल! एकामागून एक. कितीतरी चाचण्या त्या श्रीला टेकून उभ्या होत्या, आणि टेकू काढल्याबरोबर बसल्या. निखिलचा फोन आलाच.

"ताई, काय केलंत? आवृत्ती कालच जाहीर केलीय मी. लोक हसतील."

"हसू देत."

"अहो, सोपं आहे. त्या मुलीला सांगा, आधी श्री लिहायचा आणि मग पेपर उघडायचा. ती तशीही लिहितेच. सोमवार पार पडू दे, मग करू दुरुस्ती."

मनू, मलाही ते पटलं होतं. मी म्हटलंही, "खरंच गो, श्री लिहून जर भागतंय..."

शरयू माझ्याकडे नि फोनकडे, दोघांकडे एकदमच बोलली. "आणि पेपर चालू असताना लाइट गेली तर? मशीन पुन्हा सुरू झाल्यावर ती श्री लिहीत बसेल? तिचं उत्तर अर्धं राहिलेलं असेल. ती थेट पेपर उघडणार. आणि मशीन तिला सांगणार पंचवीस, ती पंचवीस धरून गणित करणार, आणि तिला कधी कळणारच नाही की आपण चुकलो नव्हतो."

मग निखिल म्हणाला, "तक्ता हलवायला लागेल. लेखनमधून उच्चारमध्ये."

"मग हलवा. मी अंगण बघते."

शनिवार, रविवार माझा क्लास म्हणजे रणांगण. फोन चालू असला की इंटरनेट बंद, इंटरनेट चालू असलं की फोन बंद, आणि मधून मधून लाइट जायची ती वेगळी. लेखनवाला आधी चिडला, माझ्या घरातला तक्ता का काढता म्हणून. मग त्यानेच रविवारी सकाळी दुरुस्ती पाठवली. एकेक लाल हिरवं व्हायला लागलं. शरयू प्रत्येक चाचणी एकटी चालवायची, मग मागची पुढे नि पुढची मागे करून चालवायची, मग बटण बंद करून चालवायची. त्या बटणाचा आवाज मला अजून ऐकू येतो.

रविवारी दुपारी तू सरावाला आलीस. आठवतंय? शरयूने तुला सांगितलं, आज श्री लिहायचा नाही. थेट पेपर उघड.

"श्री न लिहिता?" तू म्हणालीस. "नापास होईन मी!"

"मनातल्या मनात म्हण. मनात म्हटलेला पोचतो."

"पण का गो?"

"उगाच."

तू ओठ काढून बसलीस. पण ऐकलंस.

संध्याकाळपर्यंत सगळं हिरवं झालं, 'ब्रेल' सोडून. ब्रेलवाल्याची दुरुस्ती पोचलीच नाही. तुला पेपरात ब्रेल लागणार नव्हतं. तरी तिने शाळेत न्यायच्या सीडीवर मार्करने लिहिलं, 'ब्रेल वापरू नये. लाल आहे.' मी म्हटलं, "कशाला लिहितेस? बाई बघतील नि बिचकतील." म्हणाली, "लाल आहे ते आहे. न लिहिल्याने हिरवं होतंय का?"

सोमवारी शाळेत सगळं बसवून झालं आणि ही मुख्याध्यापिकाबाईंना म्हणते, "आता हे पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करूया." बाई वैतागल्या. "चालू आहे ते चांगलं चालू आहे ना? घंटा व्हायची वेळ झाली." ही हटली नाही. बंद केलं, चालू केलं, '२.५' बोलवून घेतलं, मग खुर्चीवरून उठली. बाईंनी सीडीवरचं वाचलं आणि तिच्याकडे पाहिलं.

आम्ही दोघी बाहेर व्हरांड्यात, बाकावर. आत तू पाठमोरी, कानाला बोंडं, बाजूला एक सुपरवायझर. तुझ्या बोटांचा आवाज बाहेर येत होता, पत्र्यावर पागोळ्या पडाव्यात तसा. शरयूने घड्याळ काढून पिशवीत टाकलं. "बघत बसले तर वेडी होईन," म्हणाली.

त्या दिवशी भारनियमनाची वेळ नव्हती ती. तरी पंखा थांबला.

बोटांचा आवाजही थांबला. सगळी शाळा एकदम 'हो' करून ओरडली, मुलं ओरडतात तशी. मुख्याध्यापिकाबाई त्यांच्या खोलीतून बाहेर आल्या आणि आमच्याकडे बघून उभ्या राहिल्या. शरयू उठली नाही. तिने माझं मनगट धरलं.

पंखा फिरला. मशीन सुरू व्हायला लागलं. तू हात मांडीवर ठेवून बसलेलीस. मी मनात म्हणत होते, आता ही काय करते? तू काही लिहिलं नाहीस. थेट पेपर उघडलास. मान डावीकडे कलली, तुझी ऐकायची ढब. शरयूची नखं माझ्या मनगटात रुतलेली. आणि तू टाइप करायला हात उचललेस आणि ते तसेच, हवेत, थांबले.

किती वेळ, मला माहीत नाही. मी शरयूकडे बघितलंसुद्धा नाही. बघवेना.

मग बोटं सुरू झाली. पागोळ्या पुन्हा पडायला लागल्या.

घंटा झाली, तू भिंत धरत बाहेर आलीस. शरयूने पेपर कसा गेला ते विचारलंच नाही. विचारलं, "लाइट आल्यावर तू थांबलीस कशाला?"

"शिंक येत होती," तू म्हणालीस. "आली नाही मेली. आणि अर्धं उत्तर गेलं ते पुन्हा लिहिलं. प्रत्येक उत्तर झालं की जपून ठेवायला तू शिकवलंस, म्हणून बाकीचं राहिलं."

शरयूने सुपरवायझरकडचा छापील पेपर चाळला. "त्यानंतरच्या विजेच्या गणितात प्रवाह किती होता?"

"दोन पूर्णांक पाच अँपिअर. का गो?"

"उगाच."

तू फाटकाशी आलेल्या आईकडे धावलीस, म्हणजे तुझ्या परीने. शरयू पायरीवर बसली. अंबाड्यातली पेन्सिल काढली, न शोधता, पहिल्यांदाच. तिच्याकडे बघितलं, परत खोचली. मुख्याध्यापिकाबाई जवळ आल्या, म्हणाल्या, "अर्ज मी आजच लिहायला घेते." शरयू म्हणाली, "घ्या. सध्या हिरवं आहे." बाईंना काय कळलं देव जाणे. पुढे बोर्डाची परीक्षा तू स्वतः लिहिलीस, ते सगळं तुला माहीत आहे.

त्यानंतर अंगणातल्या नियमांच्या वर तिने एक ओळ टाकली. ती अजून आहे म्हणतात: 'श्री मनात.'

एकदोन वर्षांनी मंडणगडच्या बाजूला एका शाळेत तुझ्यासारखी तीन मुलं आहेत असं तिला कळलं. जाऊन कानोसा लावून येते म्हणाली, आणि तिथेच राहिली. शनिवार-रविवारी येईन म्हणायची, दोनदा आली. मग कितीतरी वर्षांनी आजारी पडली ती तिकडेच, मला कळायला उशीर झाला. ती आजारी असलेली मी पाहिलीच नाही, आणि खरं सांगू, बरं झालं. माझ्याकडे जी आहे ती स्टँडवरची आहे.

मी सोडायला गेले होते. दोन पिशव्या, एक जुना कॉम्प्युटर खोक्यात घालून सुतळीने बांधलेला. मंडणगडची गाडी लागलेली, मी खोका चढवला, जागा धरली. वळून बघते तर बाई गाडीत नाही. खाली उभी, एका हाताने कंडक्टरची बाही धरलेली, दुसऱ्या हाताने ड्रायव्हरला बोलावतेय. तोच कंडक्टर गो, दापोलीवाला. तिला बघून त्याने स्वतःच ड्रायव्हरच्या खांद्यावर हात टाकला नि ओरडला, "ताई, हा माझा, मी याचा, गाडी हीच! बसा आता!" ती हसली. चढली. गाडी हलली तेव्हा खिडकीतून वाकून तिने काहीतरी सांगितलं, इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. काय म्हणाली असेल ते मला माहीत आहे, तुलाही आहे.

आता ऐक, मनू. वर श्री नव्हता, म्हणजे तुझ्या मशीनने काही न लिहिता थेट वाचायला घेतलं असणार. माझं नवीन घर स्टँडपासून २.५ किलोमीटरवर आहे. काय ऐकलंस? पंचवीस ऐकलं असशील तर निघू नकोस, रिक्षावाला तुला पार पालीच्या रस्त्याला लावेल. आधी मला फोन कर, मी निखिलला ओरडते. पण तिने तपासलंय म्हणजे बरोबरच ऐकलं असशील. मग बॅग भर आणि ये. मार्च संपला गो आता. दाराला कडी नसते दुपारी, भिंत धरून सरळ आत ये.